बदाम

त्याने उत्तर दिलंच नाही, नुसता बदामाचा इमोजी टाकून गेला.

संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. इन्स्टाग्रामवर आमच्या पोस्टखाली त्या मुलाने लिहिलं होतं, 'दादा, पीसी लय हँग होतोय, काय करू?' मी विचारलं, विंडोज कुठली? रॅम किती? हार्ड डिस्क आहे की तिच्याहून वेगवान एसएसडी? सुरू होतानाच रखडतो की ब्राउझर उघडल्यावर? कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवणाऱ्या आमच्या साइटवर पहिल्यापासून हीच पद्धत. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालवत असेल तर एसएसडी टाकून फरक पडेल. ४ जीबी रॅमवर ढीगभर टॅब उघडे ठेवत असेल तर एसएसडीने भागणार नाही. विचारल्याशिवाय सांगायचं तरी काय? माझ्या प्रश्नांना बदाम मिळाला. पीसी त्याचा अजून तसाच असणार.

आमच्यासाठी रील बनवणारी ताई म्हणते, लोक आता साइटवर शोधत येत नाहीत, आपणच ते असतात तिथे, इन्स्टाग्राम-फेसबुकवर जायचं. पटतं मला. तरी बैठकीत मान हलवताना घशात काहीतरी अडकलं होतं.

साइटवरचं काकांचं विंडोज एक्सपीबद्दलचं जुनं उत्तर आठवतं. पडद्यावर मराठीची वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. तेव्हा कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचं, लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसमोर खूण करायची, मागितली तर एक्सपीची सीडी घालायची आणि रीस्टार्ट. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा, म्हणजे अपडेट देणं, थांबवला, त्यानंतरही कुणीतरी शोधत तिथे पोचायचं आणि खाली 'झालं, आभारी आहे' लिहून जायचं. फेसबुकच्या बंद ग्रुपमध्ये लिहिलेलं उत्तर गूगलला दिसतच नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. मग एवढं सगळं नीट लिहून ठेवलेलं कुणासाठी? आपलीच गरज उरली नाही, असंही मघाशी वाटून गेलं.

पण खरं दुखणं गरजेचं नाही. उलट विचारता येत नाही, हे आहे. मदत म्हणजे अर्धी तर विचारपूसच असते. इथे माणूस क्षणभर थांबतो आणि अंगठ्याने पुढे सरकतो. पुढचा प्रश्न मी कुणाला विचारू?

रात्री ताईच्या विंडोज १०वरच्या रीलखालच्या कमेंट वाचत बसलो. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा पाठिंबा संपला, तेव्हापासून हाच प्रश्न सगळीकडे. एका टायपिंग सेंटरवाल्यांनी लिहिलंय, दुकानदार म्हणाला विंडोज ११ चालणार नाही, नवे पीसी घ्या. रील बघून त्यांनी तपासलं. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा होता आणि विंडोज ११ला लागणारं टीपीएम हे सुरक्षेचं साधन बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद होतं, पीटीटी या इंटेलच्या नावाखाली. चालू केलं आणि काम झालं. जुने पीसी वाचले.

हे गृहस्थ साइटवर कधी आले असते? नसतेच आले. शोधायचं काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानदाराने 'नवे घ्या' म्हटल्यावर प्रश्नच संपला होता त्यांच्यापुरता. रील आपणहून समोर आली म्हणून तो पुन्हा सुरू झाला. हे वाचल्यावर छातीवरचं ओझं बरंच उतरलं. सगळं नाही.

मग रीललाच विचारायला लावू. ताईला सांगणार आहे, पुढच्या रीलमध्ये उपाय नंतर, आधी प्रश्न: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, 'टीपीएम.एमएससी' इंग्रजीत लिहून एंटर करा, काय दिसतं ते खाली सांगा. ज्यांचा पीसी खरंच जुना आहे त्यांना सांगायचं की मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, म्हणजे घाईने खरेदी नको. पायऱ्या सगळ्या साइटवर, चित्रांसकट, नेहमीसारख्या.

आणि कमेंटवर कुणीतरी बसायला हवं. आज त्याच रीलखाली एकाने मोबाइल नंबर टाकला होता, 'फोन करा, लगेच दुरुस्त'. असल्या नंबरवर फोन केला की एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपलं यंत्र चालवू देणारं अॅप, टाकायला लावतात आणि बँकेचं खातं रिकामं होतं. कमेंट उडवली. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, असं वर चिकटवून ठेवलं. आमच्या नावाखाली लोक त्या माणसाचा नंबर आमचाच समजले असते. सकाळची पाळी मी घेतो म्हणून ताईला मेसेज टाकलाय.