पहाटे पावणेतीनची पायरी

काल रात्री, म्हणजे खरं तर आज पहाटे पावणेतीनला, स्क्रीनवरची रेघ, एका चिमुकल्या चमकत्या स्फटिकाचा उजेड दाखवणारी, एकदम सरळ खाली पडली, पार तळाला गेली, तीन-चार सेकंद तिथंच राहिली आणि परत तशीच सरळ वर चढली, आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. सात महिने मी हीच रेघ बघायची म्हणून बसलेय. झोप काही येत नाहीये, तर आत्ताच लिहून टाकते.

आमची लॅब पुण्यात, पाषाणला. काम प्रकाशाच्या चिमट्याचं, म्हणजे ऑप्टिकल ट्वीझर्सचं. लेझरचा झोत मायक्रोस्कोपच्या शंभरपट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून एका बिंदूवर आणला की मधे उजेड खूप आणि कडेला कमी असं होतं, आणि पाण्यात तरंगणारा मायक्रॉनभर काचेचा मणी त्या मधल्या बिंदूकडं ओढला जातो. मण्यातून जाताना प्रकाश वळतो, वळला म्हणजे त्याचा संवेग बदलला, आणि तेवढाच उलटा धक्का मण्याला बसतो, बस एवढंच. पण हे सुचायला आर्थर अॅशकिन लागले. बेल लॅब्समध्ये १९७० ला त्यांनी समोरासमोर दोन झोत लावून मणी धरून दाखवले, १९८६ ला सहकाऱ्यांबरोबर एकाच झोतात धरले, पुढच्या वर्षी त्याच पद्धतीनं जिवंत बॅक्टेरिया. नोबेल मिळालं २०१८ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी. मला हा माणूस फार आवडतो.

आता दुसरी बाजू, क्वांटम डॉट. कॅडमियम सेलेनाइडचा काही नॅनोमीटरचा स्फटिक, वरून झिंक सल्फाइडचं कवच. पदार्थ तोच, पण आकार बदलला की रंग बदलतो, दोन नॅनोमीटरचा निळसर चमकतो, सहाचा लाल. इलेक्ट्रॉनला फिरायला जागा जितकी कमी तितकी त्याची ऊर्जा चढी, म्हणून. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना याच कामासाठी मिळालं. आमचे डॉट लाल आहेत, आणि अंधाऱ्या खोलीत कुपीवर यूव्ही टॉर्च मारला की जो रंग दिसतो ना, तो मी अजूनही दर वेळी थांबून बघते.

मग डॉटच चिमट्यात धरायचा ना सरळ, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असला की ओढ त्याच्या आकारमानाबरोबर कमी होत जाते. शंभर नॅनोमीटरच्या कणाऐवजी तशाच पदार्थाचा पाचचा घेतला तर व्यास वीसपट कमी आणि ओढ आठ हजारपट कमी, तिकडं पाण्याचे रेणू धक्के मारतायत ते मारतायतच. तरी कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या गटानं २००८ ला एकेकटे डॉट धरून दाखवले, आणि पुढं हेही दाखवलं की धरणाऱ्या १०६४ नॅनोमीटरच्या लेझरचेच दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकदम शोषून डॉट चमकू शकतो, वेगळा लेझर लागत नाही. आम्ही त्या वाटेनं गेलो नाही. आम्ही डॉट मण्याला चिकटवतो, मण्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन, डॉटवर बायोटिन नावाचा छोटा रेणू, दोघं एकदा जुळले की सुटता सुटत नाहीत, मग चिमट्यानं मणी धरायचा आणि हिरव्या लेझरनं डॉट चमकवायचा.

आणि इथंच खरा प्रश्न सुरू होतो, मण्यावर एकच डॉट आहे हे कशावरून? मायक्रोस्कोपमधून एक डॉट आणि पाच डॉटचा गठ्ठा दोन्ही सारखेच दिसतात, लाल ठिपका. पाच नॅनोमीटरच्या वस्तू, ठिपक्यात त्या किती आहेत ते उजेडाला वेगळं दाखवताच येत नाही. म्हणून आधी हिशोब करून डॉट इतके पातळ करायचे की दहा मण्यांमागे सरासरी एकच डॉट येईल. मग शंभरातले नव्वद मणी रिकामे निघतात, साडेनऊच्या आसपास चमकतात, आणि त्या चमकणाऱ्यांतले ९५ टक्के एकाच डॉटचे असतात. कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात रात्रभर रिकामे मणी धरायचे, बघायचे, सोडायचे, पुढचा.

मार्चमध्ये मला एक छान मणी मिळाला होता, ठिपका अगदी स्थिर, डोळ्यात भरणारा, वीस मिनिटं जराही हलला नाही, आणि मी आनंदानं सीनियरला दाखवला. त्यानं बघितलं आणि एवढंच विचारलं, "अगं, हा लुकलुकत का नाहीये?" मला त्या क्षणी कळलं. एकटा डॉट लुकलुकतो, १९९६ पासून हे माहीत आहे, सतत उजेड पाडत असतानाही तो मधेच पूर्ण विझतो आणि परत पेटतो. साधारण चित्र असं आहे की एखादा इलेक्ट्रॉन निसटून कडेला कुठंतरी अडकतो, डॉटवर चार्ज उरतो, आणि पुढं शोषलेली ऊर्जा उजेड न होता त्या उरलेल्या चार्जलाच जाते. किती वेळ विझेल याला काही ठराविक माप नाही, मिलिसेकंद ते मिनिटं सगळं चालतं. गठ्ठ्यात मात्र एक विझला तरी बाकीचे पेटलेले असतात, म्हणून तो स्थिर दिसतो. मी ज्याला उत्तम समजत होते तोच गठ्ठा होता. दोन महिन्यांचा डेटा गेला. कारण नंतर सापडलं, बफरमधलं, म्हणजे डॉट ज्या द्रावणात ठेवतो त्यातलं, मीठ. मिठानं डॉटवरच्या चार्जांचं एकमेकांना लांब ठेवणं कमी होतं आणि मण्याला चिकटायच्या आधीच ते एकमेकांना चिकटतात, मग तुम्ही कितीही पातळ करा, तो हिशोब एकेकट्या डॉटचा असतो, गठ्ठ्यांचा नाही. मीठ कमी केलं, आणि कुपी वापरायच्या आधी प्रत्येक वेळी फिल्टर करायला लागले.

तेवढ्यानंही झालं नाही. कमीजास्त होणारा ठिपका दिसला की लुकलुकतोय असं वाटायचं, पण मायक्रॉनभर मणी पाण्यात एका जागी धरला तरी स्वतःभोवती फिरतोच, साधारण सेकंदाच्या हिशोबात, आणि डॉट त्याच्या बाजूला चिकटलेला असला तर तो फोकसमध्ये येतो-जातो. तेव्हा रेघ उतारासारखी हळूहळू खाली येते. लुकलुकणं तसं नसतं, त्याला पायरी असते, पेटलेला किंवा विझलेला, मधलं काही नाही, आणि विझला की पार बॅकग्राउंडपर्यंत, म्हणजे डॉट नसताना जेवढा उजेड असतो तिथपर्यंत. दोन डॉट असतील तर तीन पायऱ्या दिसतात, दोन्ही पेटलेले, एकच पेटलेला, दोन्ही विझलेले. हे ओळखायला मला जूनपर्यंत वेळ लागला, आणि मला वाटतं नवीन येणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात दाखवायला हवं.

रात्री काम करायचं कारण निराळंच आहे. सध्या जवळच ढोल-ताशा पथकाचा सराव चालू आहे, गणपती जवळ आले. मण्याची थरथर मोजतो त्या आलेखात तेवढ्या वेळात एक उंचवटा येतो, सराव थांबला की जातो. आमचं टेबल हवेवर तरंगतं, तरी येतो. मला ढोल अतिशय प्रिय आहे, पण माझा मणी काही नॅनोमीटरची हालचालही सांगतो, म्हणून रात्री अकरानंतर, रस्त्यावरचे ट्रक कमी झाले की बसायचं, एसीची घरघर आणि बाहेर पाऊस.

तर काल एकोणऐंशीवा मणी. पायरी आली, परत आली, एकदा बावीस सेकंद विझलेला होता तेव्हा वाटलं गेला आता, पण मग पेटला. सीनियरला फोन केला, तो झोपेतून उठून म्हणाला, "तिसरी पायरी बघ, घाई करू नकोस." अकरा मिनिटांच्या रेघेत तिसरी पायरी नाही.

अजून पक्कं म्हणणार नाहीये. पक्कं करायला त्याच्यातून आलेला उजेड अर्धा उजेड आरपार सोडणाऱ्या आरशानं दोन डिटेक्टरकडं पाठवायचा, आणि दोघांकडं एकाच क्षणी फोटॉन येतात का बघायचं. एकटा डॉट एकदा चमकला की परत चमकायला त्याला वीसेक नॅनोसेकंद लागतात, त्यामुळं एका वेळी एकच फोटॉन देतो, आणि दोन डिटेक्टरवरच्या फोटॉनमधलं वेळेचं अंतर शून्याजवळ असतं तिथं मोजणीत खड्डा पडतो. शेजारच्या लॅबचा डिटेक्टर गुरुवारी मिळणार आहे. तोवर मीठ कमी असलेली तीच कुपी फ्रीजमध्ये ठेवलीये, लेबलवर तारीख आणि माझं नाव मोठ्या अक्षरात, कुणी हलवू नका प्लीज.