गाठ लाकडाशी आहे

साताऱ्याला आमच्या घराच्या चौकटी करायला येणारे सुतारकाका प्रत्येक फळी डोळ्यासमोर आडवी धरून न्याहाळत आणि तिच्यात गाठ दिसली की काहीही न बोलता ती भिंतीकडे सरकवून देत. गाठीवर रंधा अडतो, रेषा उलट्या उचकटतात आणि सकाळभराचे काम वाया जाते, हा त्यांचा अनुभव होता. तसल्याच गाठीचे बोटभर जाडीचे तुकडे मी आज न्यू जर्सीत डॉलर मोजून विकत घेतो आणि गॅरेजमधल्या छोट्या लेथवर त्यांची पेने कातून काढतो, हे त्यांना सांगायचे धाडस मला झाले नसते.

सध्या हाताशी आहे तो अँबॉयना. आग्नेय आशियातले हे झाड आपल्या बिबळ्याच्या कुळातले आहे, हे कळल्यापासून मला ते उगाचच ओळखीचे वाटते. त्याच्या खोडावर कधी कधी मोठा फुगवटा येतो, ज्याला इकडे बर्ल म्हणतात. फांदीच्या बुडाशी असते तशी ही एकच गाठ नसते. त्यात असंख्य सुप्त डोळे दाटीने बसलेले असतात आणि लाकडाचे तंतू त्यांना वळसे घालत वाट फुटेल तिकडे जातात. त्यामुळे पेनावर तांबूस रंगात लहान लहान भोवरे उमटतात. त्यामुळेच पटाशी कुठे अडेल, याचा भरवसा नसतो.

तुकड्याला मधोमध सात मिलिमीटरचे भोक पाडायचे, तेही घाई न करता, कारण ड्रिल तापले की लाकूड आतून तडकते. मग भोकात पितळी नळी चिकटवून तो तुकडा मँड्रेलवर, म्हणजे लेथमध्ये फिरणाऱ्या सळईवर, चढवायचा. (सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन्हींना मराठीत एकच क्रियापद आहे, याचे मला लेथसमोर उभे राहिल्यावर दरवेळी बरे वाटते.) चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत नुसती खडखड असते. तो गोल झाला, की आवाज बदलतो, कुरळे छिलपे मनगटावर पडू लागतात आणि माणूस गाफील होतो.

मी तसाच गाफील झालो. टोकांशी नळीवर लाकडाचा जेमतेम मिलिमीटरभर थर उरलेला असताना एक डोळा पटाशीत अडकला आणि अर्धा तुकडा उडून कपाटाखाली गेला. दोष लाकडाचा नव्हता. धार लावायचा मला कंटाळा आला होता. कोकोबोलो नावाच्या दुसऱ्या लाकडाची तऱ्हा आणखी निराळी. ते इतके तेलकट असते की अ‍ॅसिटोनने पुसल्याशिवाय गोंद धरत नाही, आणि त्याच्या भुशाने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते. आपल्या शिसवीचे ते सख्खे भावंड, आणि २०१७ पासून या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तेव्हा माझ्याकडचा एकुलता एक तुकडा मी अजून ड्रिलखाली धरलेला नाही.

अँबॉयनाचा दुसरा तुकडा मात्र टिकला. पटाशी नव्याने घासून घेतली आणि शेवटचा मिलिमीटर तर नुसत्या पॉलिशपेपरने उतरवला. तरीही एक डोळा निखळलाच. त्या खळग्यात त्याच लाकडाचा भुसा आणि सुपरग्लू भरला, तेव्हा तिथे काळपट ठिपका राहिला. पेन जोडताना क्लिप बरोबर त्या ठिपक्यावर येईल, अशी बसवली आहे.