ॲम्बेसेडरचं इंजिन, एमजीएचं बॉनेट

बॉनेट उघडलं की जाणकार पाहुणा आधी गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, "हे ॲम्बेसेडरचं ना?" हो, ॲम्बेसेडरचंच. १९७९ पासून.

आमची गाडी १९५६ ची एमजीए १५००, विलायती स्पोर्ट्स कार. अण्णांनी ती बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या एका पडक्या वाड्याच्या तबेल्यातून घेतली, तेव्हा मागच्या बाजूला कोंबड्या अंडी घालत होत्या. सात-आठ वर्षं चालली. मग एका मे महिन्यात हालोलच्या रस्त्यावर कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकला मुठीएवढं भोक पडलं. त्या काळात विलायतेहून इंजिन मागवणं म्हणजे लायसन्स, ड्यूटी आणि मास्तरच्या पगारात न बसणारा आकडा. अण्णा कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत मशीन शॉप शिकवत. त्यांनी भंगारातून ॲम्बेसेडरचं इंजिन उचललं, एमजीएचं संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) आणि पुढची प्लेट त्याला चढवली, आणि दिवाळीआधी गाडी रस्त्यावर आणली.

यात जुगाड जेवढं दिसतं तेवढं नाही. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचीच. १४८९ सीसी, बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. एक मॉरिस ऑक्सफर्डच्या रूपाने ॲम्बेसेडरच्या कारखान्यात, बंगालमधल्या उत्तरपाड्याला आलं, दुसरं एमजीच्या विलायतेतल्या कारखान्यात, ॲबिंग्डनला, स्पोर्ट्स कारमध्ये बसलं. फरक कॉम्प्रेशनचा, हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा. ॲम्बेसेडरला एक, एमजीएला दोन. अण्णांनी मात्र तो एकच ठेवला. "पेट्रोलचा भाव बघ," एवढंच स्पष्टीकरण.

अण्णा गेल्यावर गाडी निळा धूर काढायला लागली आणि इंजिन उतरवायची वेळ माझ्यावर आली. अशा वेळी सल्लागारांना तोटा नसतो. पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "दादा, उघडलंच आहेस तर एमजीबीचं १७९८ सीसी टाक. पाच बेअरिंगचं. वर वेबर ४५ डीसीओई कार्बोरेटर. एकदाच काय ते कर." माझे चार दिवस त्याच नादात गेले, खोटं कशाला बोलू. एमजीबी म्हणजे एमजीएनंतरचं मॉडेल, तिचं इंजिन ९५ हॉर्सपॉवरचं. आमची गाडी नवी असताना ६८ ची, नंतरच्या १५०० ना ७२. आणि ही तर ॲम्बेसेडरवाली, तिचं विचारूच नका.

पण पाच बेअरिंगचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आला की फ्लायव्हील वेगळं, मागची प्लेट वेगळी, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बुश वेगळं. हे सगळं होतं, लोकांनी केलेलंही आहे. मला अडवलं ते ब्रेकने. १५०० ला चारही चाकांना ड्रम. पुढे डिस्क आल्या त्या १६०० ला, १९५९ मध्ये. आणि मी ती गाडी नेतो कुठे? रविवारी पहाटे साडेपाचला पावागडच्या पायथ्यापर्यंत, सुमारे पन्नास किलोमीटर, आणि ऊन चढायच्या आत परत येऊन सेव-उसळ. त्या रस्त्याला मध्येच म्हैस आडवी येते. म्हशीसमोर जादा हॉर्सपॉवर काही कामाची नाही.

मग वेबर १४८९ वरच बसवायचा का? इथे मात्र मी खूप वेळ घालवला, कारण वेबर दिसतोच असा की माणूस भुलतो. आडवा, दोन घशांचा. आतला चोक, मेन जेट, एअर जेट, इमल्शन ट्यूब, सगळं बदलता येतं. त्याची खरी मजा तेव्हा, जेव्हा प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा घसा मिळतो. बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडर आणि इनलेटची भोकं दोनच. पहिला-दुसरा एका भोकावर, तिसरा-चौथा दुसऱ्यावर. वाड्यात एका नळावर दोन बिऱ्हाडं असायची, तसं. त्यात फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे तिसऱ्याचं पाणी भरून होतं न होतं तोच चौथा हंडा घेऊन हजर, मग पुढची अर्धी फेरी नळ कोरडा. शेजाऱ्यांना सारखं पाणी मिळत नाही. वेबर लावला तरी नळ दोनच राहणार, आणि जेटांची पेटी जवळ नसेल तर तो लावून नुसतं बघत बसायचं.

एसयू, म्हणजे एमजीएचा मूळचा कार्बोरेटर, मला लहानपणापासून कळतो. त्यात एक पिस्टन असतो, इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा तो वर उचलला जातो. त्याला लोंबलेली निमुळती सुई जेटमध्ये वरखाली होते. सुई वर गेली की जागा वाढते, पेट्रोल जास्त. हवेचा वेग तो स्वतःच जवळजवळ सारखा राखतो. एक जेट, एक सुई, वर डॅशपॉटमध्ये थोडं तेल. मला पाना, कान आणि धीर पुरतो.

तेव्हा ठरलं ते असं. ब्लॉक अण्णांचाच. चाळीस साईजचे (इंचाच्या चाळीस सहस्रांश मोठे) पिस्टन, म्हणजे आता १५३१ सीसी. हेड १५०० एमजीएचं, एका ओळखीच्या माणसाच्या माळ्यावरून आलेलं. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घेतल्या, कारण शिशाचं पेट्रोल २००० सालीच गेलं आणि जुनी बिडाची सीट त्याशिवाय झिजते. कॉम्प्रेशन ८.३. वर एसयूचे दोन एच४ कार्बोरेटर, दीड इंची. मिस्त्री हेड बसवताना म्हणाले, "काका, आ तो घरनुं ज इंजिन छे." मला ते फार आवडलं.

खरा त्रास पुढे सुरू झाला. एच४ च्या जेटला गळती थांबवायला बुचाच्या बारीक चकत्या असतात. अण्णा त्या कोमट तेलात भिजवून बसवत आणि वर्षानुवर्षं विसरून जात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. महिन्याभरात दोन्ही कार्बोरेटर खालून ठिबकायला लागले. खाली काय आहे? एक्झॉस्ट! या इंजिनाला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. मी गाडी तशीच ढकलत आत घेतली आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या चकत्या येईपर्यंत हात लावला नाही. पेट्रोलच्या सगळ्या नळ्याही बदलल्या.

दुसरी गोष्ट सुईची. नुसत्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे मिसळलेलं पेट्रोल जुन्या सुईवर पातळ पडणार, हवेच्या मानाने कमी. पुस्तकात १५०० ला जीएस सुई सांगितली आहे. तिच्यावर गाडी मध्येच उचक्या द्यायची. जेटचे नट दोन-दोन पैलू खाली घेतले तर आयडलला काजळी, वर तरीही उपाशी. शेवटी त्याच पुस्तकातली रिच, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी, 'सीसी' नावाची सुई घातली. उचक्या गेल्या. बडोदं समुद्रसपाटीच्या जवळच आहे, म्हणून उंचीचा हिशोब तरी करावा लागला नाही.

दोन्ही कार्बोरेटर जुळवायला मी रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं घशापाशी धरतो. दोन्हीकडची फुस्स सारखी आली की झालं. मग बाजूची पिन जेमतेम मिलिमीटरभर उचलायची: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण घट्ट, पडायला लागला तर पातळ, क्षणभर वाढून परत जागेवर आला तर ठीक. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "पेशंट कसा आहे?"

उन्हाळ्यात अजून एक खोड आहे. हालोलला चहाला थांबलं की कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाट्यांत पेट्रोल उकळतं आणि गाडी पुन्हा चालू व्हायला नखरे करते. उष्णतेचा पत्रा मी दोनदा नवा केला, जाड पॅकिंगही दिली. आता बॉनेट वर करून दहा मिनिटं उभा राहतो, मागून पेट्रोल चढवणाऱ्या पंपाची टकटक थांबते, मग निघतो. मावसभावाला हे अजून सांगितलेलं नाही.

इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा मात्र शून्यावरच आहे. एमजीएमध्ये त्याची केबल कॅमशाफ्टवरून चालते आणि अण्णांच्या ब्लॉकला ती बसवायची जागाच नाही. अण्णा गिअर कानाने टाकायचे. गेल्या रविवारी पावागडच्या चढावर मी दुसऱ्यातून तिसरा टाकला आणि काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.