स्वेद्येहाम्नचं सुकलेलं बंदर

वासा शहरातून निघालं की रेप्लोट बेटाकडे नेणारा पूल लागतो, चांगला 1,045 मीटर लांब. तो ओलांडला की रस्ता अरुंद होतो, झाडं खुजी होत जातात आणि जिकडे बघावं तिकडे धोंडे. काही दगडफुलाने मढलेले, काही अर्धे पाण्यात. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा क्वार्केन द्वीपसमूह. समोरच्या स्वीडनच्या 'हाय कोस्ट'ला जोडून युनेस्कोने 2006 साली याला जागतिक वारसा ठरवलं. हाय कोस्टला निदान उंच कडे तरी आहेत. इथे सगळं सपाट. स्वेद्येहाम्न या छोट्या बंदरावर गाडी लावून पायवाटेने चालत राहिलो. तासभर दगडांशिवाय काही दिसलं नाही. डास मात्र भरपूर. एवढ्या लांब कशाला आलो, असं मनात आलंच.

मग साल्टकारेत नावाचा लाकडी मनोरा चढलो. उंची जेमतेम 20 मीटर, पण तेवढी पुरली. खाली जे धोंडे विस्कटलेले वाटत होते, ते वरून रांगेत उभे होते! एकामागे एक, जवळजवळ समांतर अशा लांबट बेटांच्या आणि बुटक्या बांधांच्या ओळी, मधे पाण्याच्या पट्ट्या. नांगरलेल्या शेतात पाणी भरावं तसं दृश्य.

हे 'दे येर हिमोढ', म्हणजे बर्फाने साचवलेले दगडमातीचे बांध. जेरार्ड दे येर या स्वीडिश भूवैज्ञानिकाचं नाव त्यांना मिळालं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियावरची हिमचादर वितळत मागे सरकत होती, तेव्हा तिची कड इथे दोनशे मीटरहून खोल पाण्यात टेकलेली होती. कडेचे बर्फाचे कडे तुटून पाण्यात पडायचे आणि कड मागे जायची. ती जिथे थबकायची किंवा किंचित पुढे रेटायची, तिथे बर्फाखालचा गाळ आणि धोंडे यांचा बांध साचायचा. पुन्हा माघार, पुन्हा बांध. म्हणजे मी पाहत होतो ती प्रत्येक ओळ बर्फाच्या तेव्हाच्या कडेची रेघ होती. दर हिवाळ्याला एक बांध, असा एक जुना अंदाज आहे. मोजणी इतकी सोपी नाही, असं म्हणणारेही बरेच आहेत. त्यांच्या मते काही बांध बर्फाच्या बुडाशी पडलेल्या भेगांत भरलेल्या गाळाचे आहेत. वर्षांचा हिशेब लावायला दे येर यांनी दुसरीच वही शोधली होती. वितळत्या बर्फाच्या पाण्यातून तळाशी बसणारी माती उन्हाळ्यात जाडसर आणि फिकट, हिवाळ्यात बारीक आणि गडद. एक जोडी म्हणजे एक वर्ष. ठिकठिकाणचे असे थर जुळवून त्यांनी हिमचादरीच्या माघारीचं वर्षांचं गणित मांडलं. मला ही कल्पना त्या बांधांपेक्षाही जास्त आवडते.

पण मग खोल पाण्यात बनलेले हे बांध आज उन्हात कसे? काही किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली इथला भूभाग दबला होता. ओझं उतरलं आणि तो वर येऊ लागला, तो अजून येतोच आहे, वर्षाला सुमारे 8 मिलिमीटर. किनारा इतका सपाट की तेवढ्यानेही समुद्र बराच मागे हटतो. वासाचं जुनं बंदर असंच उथळ होत गेलं. 1852च्या आगीत शहर जळाल्यावर नवं शहर काही किलोमीटर पुढे, समुद्राजवळ वसवलं. नव्याने वर आलेली जमीन सहसा किनाऱ्यावरच्या घरमालकाची होत नाही. ती गावाच्या सामायिक पाण्याच्या मालकीत जाते. घरापुढचं अंगण वाढतं, पण ते विकत घ्यावं लागतं.

मनोऱ्यावरून उतरून बोडवाट्नेट तळ्याला वळसा घातला. ही कधीकाळची खाडी. जुन्या होड्यांच्या लाकडी खोपट्या काठाला अजून उभ्या आहेत, पण समुद्राची वाट बंद झालेली. होड्या पुढच्या नव्या धक्क्याला गेल्या.

परतताना किनाऱ्याशी एका बांधाचं पाण्यात बुडालेलं टोक दिसलं. शेवटच्या धोंड्याजवळ काठी बुडवून पाहिली, तर पाणी साधारण 45 सेंटीमीटर. समुद्राची पातळी वाढते आहे तो हिशेब बाजूला ठेवला, तर तिथवर पाय न भिजवता जायला अजून 56 वर्षं. बूट काढले आणि आजच जाऊन आलो.