‘बाकी औषधे पूर्वीप्रमाणे’

सासूबाईंना केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरल्यावर ओळखपत्रं, एक्स-रे, कपड्यांवर नावं घालणं हे सगळं दोन दिवसांत उरकलं. घोडं अडलं ते औषधांच्या तक्त्यावर. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती : ‘बाकी औषधे पूर्वीप्रमाणे चालू ठेवा.’ त्या ओळीने आमचे नऊ दिवस खाल्ले.

सेंटरची सिस्टर तोंडी सांगण्यावर एकही गोळी देत नाही. प्रत्येक औषधाचं मूळ नाव, डोस, वेळ, ‘कशासाठी’ आणि डॉक्टरांची सही, सगळं लागतं. आमचा फॉर्म तीनदा परत आला. तेव्हा चिडचिड झाली, पण तिचं चुकत नव्हतं.

कारण पूर्वीप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे? डिस्चार्ज कार्ड, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरातला गोळ्यांचा डबा, तिन्हींचा मेळ बसेना. हॉस्पिटल म्हणे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणत हॉस्पिटलला विचारा. शेवटी डबा टेबलावर ओतला आणि स्ट्रिपमागची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. एकीवर टेल्मिसार्टन ४०, हे बीपीचं औषध. दुसरीवर, वेगळ्याच ब्रँडच्या नावाखाली, टेल्मिसार्टन ४० अधिक अ‍ॅम्लोडिपिन ५, हेही बीपीचंच. म्हणजे टेल्मिसार्टन रोज दुप्पट. शिवाय अ‍ॅम्लोडिपिनने पावलं सुजतात. त्या सुजेवर कुणीतरी लघवीची गोळी दिलेली. तिच्यामुळे रात्री दोनदा उठणं आणि उठताना चक्कर. चक्करेवरची गोळीही डब्यात होतीच!

म्हणून दाखल करण्याआधीच बीपी दोन्ही तऱ्हांनी तपासून घ्या : पाच मिनिटं आडवं पडल्यावर, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा.

‘कशासाठी’च्या रकान्यात झोपेच्या गोळीपुढे काय लिहायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.१, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. पण वय ८२, वजन ४५ किलो. (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाईमाणूस असेल तर पुन्हा गुणिले ०.८५. उत्तर येतं २८, म्हणजे किडनी मिनिटाला अंदाजे २८ मिली रक्त गाळते. एवढ्यावर गॅबापेंटिन, डिगॉक्सिन यांसारख्या औषधांचे डोस कमी करावे लागतात. वजन फॉर्मवर अंदाजाने टाकू नका, काट्यावर करा.

सुटला तो गुंता फॅमिली डॉक्टरांकडे, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून नेल्यावर. त्यांनी दोघांना फोन केले आणि अकराची यादी सातवर आली. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

हाडांची आठवड्याची गोळी असेल तर वार लिहा, नाहीतर रोज दिली जाते. संधिवातावर आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते. एसआर, एक्सआर लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या गिळवत नाहीत म्हणून कुटायच्या नसतात, तेही नोंदवा. डोळ्यांचे थेंब, पोट साफ व्हायचं चूर्ण, सर्दीची गोळी हीसुद्धा औषधंच. सर्दीच्या गोळीने म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते.

आणि तो जुना डबा घरी आणा. तिथे राहिला तर भेटायला आलेलं कुणीतरी मायेने त्यात उरलेल्या गोळ्या भरून ठेवतं.