महाबळेश्वर : धबधब्याकडे पाठ करून पाहायची गोगलगाय

सप्टेंबरात महाबळेश्वरला गेलो ते क्रेम्नोकॉन्कस शोधायला. हॉटेलवाल्याला वाटलं, एखादा नवा पॉइंट असेल.

ही गोड्या पाण्यातली गोगलगाय, पण तिचं कूळ लिटोरिनिडे, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर आणि खारफुटीत राहणारं. त्यातली ही एकच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) गोड्या पाण्यात स्थिरावली, आणि तीही फक्त सह्याद्रीत. भूवैज्ञानिक ब्लँफर्ड यांनी तिला १८६९ साली हे नाव दिलं. २०१३च्या अभ्यासात एकूण नऊ जाती नोंदल्या गेल्या. पैकी सहा नव्या, कर्नाटकातल्या. महाबळेश्वरची जात कॅरिनेटस.

ओढ्यात, डबक्यात शोधाल तर दिवस वाया जाईल. धबधब्याच्या मुख्य धारेतही नाही. बाजूचा उभा कातळ बघा, जिथे तुषार उडतात आणि पाण्याचा पातळ पापुद्रा सतत झिरपत असतो. शेवाळाचा दाट गालिचा असेल तिथे फार वेळ घालवू नका. नुसता ओला, काळा, किंचित बुळबुळीत दगड बरा. शंख जेमतेम मटारएवढा, तपकिरी, दगडात मिसळलेला. नजर बसेपर्यंत काहीच दिसत नाही, मग एकदम चारपाच दिसतात.

दहापट भिंग न्याच. एक गोगलगाय दगडावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडत अगदी सावकाश सरकत होती. डोळे शिंगांच्या टोकाला नाहीत, बुडाशी. जमिनीवरच्या नेहमीच्या गोगलगायींचे टोकाला असतात, त्यामुळे ओळख इथेच पटते. फुंकर मारली तर अंग आत ओढून शंखाचं तोंड झाकणाने बंद.

नेमका कातळ मुद्दाम लिहीत नाही. एका कड्यावरची वस्ती तिथेच अडकलेली असते, उचलून नेली की परत येणार कुठून? फोटो काढा, डबीत घालू नका. रस्ता रुंद करताना असे पाझरते कातळ फोडून सिमेंट थापलं जातं, ही खरी भीती. हौशी माणसांनी त्यात भर घालायला नको.

जुलै-ऑगस्ट टाळा. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात दरडी कोसळतात, २०२१ साली रस्ताच वाहून गेला होता. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, पण कातळ ओला असतो. चांगली पकड असलेले बूट हवेत, चपला चालणार नाहीत. घाटाच्या वळणावर गाडी लावू नका. पोलादपूरच्या एसटीने जात असाल तर परतीची शेवटची गाडी कंडक्टरला आधीच विचारून ठेवा.