हुलाची पट्टी, पांढरी चार

होनोलुलूला पोचलो त्याच संध्याकाळी सामान रूमवर टाकलं आणि सरळ कुहिओ बीच गाठला, तिथे मोठ्या वडाजवळ हुला म्हणजे हवाईचा गाण्यावरचा नाच होतो, तिकीट वगैरे काही नाही, हिरवळीवर चटई टाकून बसायचं. शंख वाजला, मशाली पेटल्या आणि एक जुनं गाणं सुरू झालं.

लहानपणापासून विविध भारतीवर हवाईयन गिटारवरची सिनेमाची गाणी ऐकलेली, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं होतं की हे संगीत म्हणजे संथ आणि जरा उदास. तसं अजिबात नाहीये! स्टील गिटारची मींड लांबते म्हणून आपल्याला संथ वाटतं, पायाने ठेका धरून बघा, चार मात्रांचा सरळ चालता ठेका, मोबाईलवर मोजला तर मिनिटाला शंभरच्या आसपास निघाला, म्हणजे कामावरून खुशीत घरी निघालेल्या माणसाची चाल. उकुलेले (चार तारांचं छोटं वाद्य) तो ठेका सोडत नाही आणि त्याच्या जिवावर गिटार हवी तेवढी रेंगाळते. तारेवर स्टीलची कांडी सरकवायची ही युक्ती याच बेटावरच्या लाईए गावातल्या जोसेफ केकुकूची, 19व्या शतकाच्या शेवटची. उकुलेले मात्र 1879 मध्ये मदेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज लोकांच्या छोट्या गिटारीवरून झालं.

तानपुरा ॲप लावून पट्टी बघितली, पांढरी चार, म्हणजे पेटीवरचा F. गाणारी बाई वर जाताना आवाज जिथे बदलतो ती जागा स्पष्ट ऐकू देते, त्याला लेओ हाई म्हणतात. आपल्याकडे हीच जागा झाकायला शिकवतात, इथे सगळं गाणं तिच्यासाठी थांबल्यासारखं वाटतं, माझ्या तर अंगावर काटा आला.

शेजारी एक आंटी बसल्या होत्या (तिथे मोठ्या बाईला आंटीच म्हणतात, आपल्यासारखंच). त्यांनी सांगितलं की प्रत्येक कडवं दोनदा गातात, दोन कडव्यांमधल्या नुसत्या वाजवायच्या तुकड्याला वॅम्प म्हणतात, तेव्हा नाचणारी काहोलो करते म्हणजे चार मात्रा एका बाजूला चालत जायचं आणि चार मात्रात परत यायचं. पुढच्या कडव्याचे पहिले शब्दही तीच पुकारते. गाण्यात पाऊस होता, फूल होतं, आंटी हळूच म्हणाल्या, फूल म्हणजे फूल नाही हं, कुणीतरी माणूस आहे. त्या लपवलेल्या अर्थाला काओना म्हणतात. तरी सूर सगळे शुद्ध, उजेडातले, चोरून भेटायला निघालेल्याचा आनंदच आहे तो. मग 'हाइना' शब्द आला. 'तुका म्हणे' आलं की कसं कळतं अभंग संपत आलाय, तसंच.

पण वॅम्पमध्ये काहीतरी चमकत होतं ते मला सुटेना. कार्यक्रम संपल्यावर उकुलेलेवाल्याला विनंती केली, त्याने बिचाऱ्याने चार-पाच वेळा हळू वाजवून दाखवलं. सगळ्यात खालच्या, जमिनीकडच्या तारेवर बोट दुसऱ्या पडद्यावर, मग पहिल्या पडद्यावर, मग तार मोकळी. पांढरी चारचा सा धरला तर तीव्र म, शुद्ध म, ग! दोन्ही मध्यम एकापाठोपाठ, आपल्या केदारात असतात तसे. मी ते गुणगुणून दाखवलं, त्याने मान डोलावली आणि तेच तीन सूर परत वाजवले, या वेळी आणखी हळू.